कदर, भरवसा आणि एस्टीम : आत्मसन्मानाच्या इंग्रजी शब्दांचा अभ्यास

परकी भाषा शिकताना वस्तूंची नावे लवकर आत्मसात होतात, कारण वस्तू समोर ठेवून तिचे नाव उच्चारता येते; मनाच्या अवस्था सांगणारे शब्द मात्र तसे दाखवता येत नाहीत, ते केवळ दुसऱ्या शब्दांच्या आधाराने समजावून घ्यावे लागतात. आत्मसन्मान आणि आत्मविश्वास यांच्याशी संबंधित इंग्रजी शब्दांबाबत ही अडचण दुहेरी होते, कारण ज्या संकोचाचे किंवा धैर्याचे नाव विद्यार्थी शिकत असतो, तोच संकोच किंवा तेच धैर्य त्या क्षणी त्याच्या मनात काम करीत असते. म्हणून या शब्दांचा अभ्यास शब्दकोशातील प्रतिशब्द पाठ करून पुरा होत नाही. शब्दाचे मूळ, त्याचा शास्त्रीय अर्थ, त्याचे व्याकरण आणि आपल्या भाषेतील त्याचा शेजार या चारही बाजूंनी तो करावा लागतो.

धाराशिव जिल्ह्याच्या भूम तालुक्यातील ईट या गावाच्या निमित्ताने हा विचार करणे उपयुक्त ठरते, कारण हा परिसर भाषांच्या अनेक स्थित्यंतरांतून गेलेला आहे. सप्टेंबर 1948 मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन होईपर्यंत येथे निजामाची राजवट होती आणि त्या राजवटीत कचेरीची व उच्च शिक्षणाची भाषा उर्दू होती. 1918 साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने तर उर्दू हेच अध्यापनाचे माध्यम ठरवले होते. 1956 साली मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, 1960 साली महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले, आणि 2000 सालापासून राज्यातील मराठी शाळांत पाचवीऐवजी पहिलीच्या वर्गापासून इंग्रजी शिकवले जाऊ लागले. वरच्या पायरीवर जाण्यासाठी घराबाहेरची एक भाषा शिकावी लागणे हा अनुभव त्यामुळे येथील पिढ्यांना नवा नाही. केवळ त्या भाषेचे नाव बदलले आहे.

एस्टिमेट, अविश्वास ठराव आणि ट्रस्ट

'सेल्फ-एस्टीम' या जोडशब्दातील 'एस्टीम' हा शब्द लॅटिनमधील मोल ठरवणे या अर्थाच्या क्रियापदापासून आला असून, त्याच मुळापासून 'एस्टिमेट' हा शब्दही निर्माण झाला आहे. ग्रामपंचायतीच्या रस्त्याचे, विहिरीचे किंवा घरकुलाचे एस्टिमेट काढणे म्हणजे काय, हे गावात सर्वांना ठाऊक असते. अंदाजपत्रक जसे कामाचे मोल आधी मांडते, तसे माणसाने स्वतःच्या मोलाविषयी मनात बाळगलेले मत म्हणजे 'सेल्फ-एस्टीम', असे सांगितल्यास तो शब्द एकदम ओळखीचा होतो. मराठीत या अर्थाच्या सर्वांत जवळचा बोलीतला शब्द 'कदर' हा आहे. तो अरबीतून फारसी-दख्खनीच्या वाटेने मराठीत रुळला आणि त्याच्याही मुळाशी माप व मोल हीच कल्पना आहे, तेव्हा स्वतःची कदर करणे हे 'सेल्फ-एस्टीम'चे अस्सल मराठी स्पष्टीकरण ठरते.

'कॉन्फिडन्स' हा शब्द भरवसा ठेवणे या अर्थाच्या लॅटिन क्रियापदापासून आला आहे. ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 35 मध्ये सरपंच व उपसरपंच यांच्याविरुद्धच्या ज्या अविश्वास प्रस्तावाची तरतूद आहे, त्याला इंग्रजीत 'मोशन ऑफ नो कॉन्फिडन्स' म्हणतात. सदस्यांचा पदाधिकाऱ्यावर भरवसा उरला नाही, असा त्याचा अर्थ असतो. हाच भरवसा बाहेरच्या माणसाऐवजी स्वतःवर ठेवला की 'सेल्फ-कॉन्फिडन्स' होतो. याच कुळातील 'कॉन्फाइड' म्हणजे विश्वासाने मनातले सांगणे, 'कॉन्फिडन्शियल' म्हणजे गोपनीय आणि 'कॉन्फिडान्ट' म्हणजे जिच्याजवळ मन मोकळे करावे अशी विश्वासातली व्यक्ती. मराठीतील 'विश्वास' हा शब्द संस्कृत 'श्वस्' म्हणजे श्वास घेणे या धातूपासून बनला असून, निर्भयपणे, मोकळा श्वास घेता येण्याची अवस्था हा त्याचा मूळ भाव आहे. इंग्रजी शब्दात भरवशाची देवाणघेवाण आहे, तर मराठी शब्दात भीती ओसरल्यानंतरचा मोकळेपणा आहे, आणि वर्गात उभे राहून बोलणाऱ्या मुलाला या दोन्ही गोष्टींची सारखीच गरज असते.

'ट्रस्ट' हा शब्द देवस्थानाच्या किंवा शिक्षणसंस्थेच्या ट्रस्टमुळे आधीच परिचित असतो; दुसऱ्यांच्या हितासाठी विश्वासाने सोपवलेली मालमत्ता आणि ती सांभाळणारे विश्वस्त, हा त्यातील अर्थ 'टू ट्रस्ट वनसेल्फ' या प्रयोगातही टिकून आहे. 'वर्थ' आणि 'प्राइस' यांतील भेद मराठीतील 'मोल' आणि 'भाव' यांच्या भेदाने समजतो. भूम परिसर खव्यासाठी प्रसिद्ध आहे आणि खव्याचा भाव बाजारातील मागणीनुसार वरखाली होतो, परंतु त्यात आटवलेले दूध आणि भट्टीपुढे खर्ची पडलेले श्रम भाव उतरल्यामुळे कमी होत नाहीत. परीक्षेचे गुण, लोकांची वाहवा किंवा टीका हा माणसाचा त्या दिवसाचा भाव होय. 'सेल्फ-वर्थ' म्हणजे त्या चढउतारापलीकडचे त्याचे मोल होय.

'करेज' या शब्दाच्या मुळाशी हृदय या अर्थाचा लॅटिन शब्द आहे, आणि त्यापासून झालेला 'एन्करेज' म्हणजे एखाद्याच्या काळजात बळ भरणे. मराठीतील 'धीर देणे' हा वाक्प्रचार त्याच्याशी तंतोतंत जुळतो. 'असर्टिव्ह' या शब्दामागे रोमन कायद्यातील एक प्रथा आहे: गुलाम मानल्या गेलेल्या माणसावर हात ठेवून तो स्वतंत्र असल्याचा दावा करणे याला जे क्रियापद वापरत, त्यापासून 'असर्ट' हा शब्द आला. त्यामुळे 'असर्टिव्ह' म्हणजे उद्धट नव्हे. दुसऱ्याचा हक्क न डावलता आपला हक्क ठामपणे मांडणारा, हा त्याचा अचूक अर्थ आहे. 'हंबल' हा शब्द जमीन या अर्थाच्या लॅटिन शब्दाशी संबंधित असून, नम्र माणसाचे पाय जमिनीवर असतात असे मराठी माणूस म्हणतो तेव्हा तो नकळत त्याच कल्पनेपर्यंत पोचलेला असतो.

स्वाभिमान आणि प्रतिष्ठा : सामाजिक अर्थ

'सेल्फ-रिस्पेक्ट' आणि 'डिग्निटी' हे दोन शब्द वैयक्तिक मनोवस्थेपुरते मर्यादित नाहीत, तर त्यांना सामाजिक इतिहास आहे. तमिळनाडूत पेरियार ई. व्ही. रामसामी यांनी 1925 साली सुरू केलेली चळवळ इंग्रजीत 'सेल्फ-रिस्पेक्ट मूव्हमेंट' म्हणून ओळखली जाते, आणि 1927 सालचा महाडचा सत्याग्रह हा पाण्याच्या हक्काबरोबरच माणूस म्हणून असलेल्या स्वाभिमानाचाही लढा होता. आजच्या धाराशिव जिल्ह्यातील कसबे तडवळे येथे 1941 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या उपस्थितीत परिषद भरली होती, त्यामुळे या शब्दाचा इतिहास या भूमीवरही घडलेला आहे. त्याआधी सावित्रीबाई फुले यांनी 1854 साली प्रसिद्ध झालेल्या 'काव्यफुले' या संग्रहात इंग्रजी शिकण्याचा आग्रह धरला, तो शूद्रातिशूद्रांना ज्ञान आणि मान मिळावा या हेतूने. इंग्रजी आणि स्वाभिमान यांचा महाराष्ट्रातील संबंध असा जुना आहे.

'डिग्निटी' या शब्दासाठी भारतीय संविधानाच्या उद्देशिकेच्या मराठी अनुवादात 'प्रतिष्ठा' हा शब्द योजला आहे, आणि ती उद्देशिका शालेय पाठ्यपुस्तकांच्या आरंभी छापलेली असते. बोलीत प्रतिष्ठा म्हणजे समाजात मिळवलेला मोठेपणा, असा अर्थ रूढ असल्याने येथे गोंधळ होण्याचा संभव असतो. उद्देशिकेतील प्रतिष्ठा मात्र कमवावी लागत नाही, ती प्रत्येक व्यक्तीला माणूस असल्यामुळेच लाभलेली असते. 'रिस्पेक्ट' कर्तृत्वानुसार कमीअधिक होऊ शकतो, 'डिग्निटी' सर्वांची समान असते, हा भेद लक्षात ठेवला म्हणजे दोन्ही शब्द योग्य जागी वापरता येतात.

मानसशास्त्राने घातलेल्या मर्यादा

रोजच्या बोलण्यात एकमेकांच्या जागी येणारे हे शब्द शास्त्रात काटेकोरपणे वेगळे केले जातात. अमेरिकन विचारवंत विल्यम जेम्स यांनी 1890 साली आपल्या मानसशास्त्रविषयक ग्रंथात 'सेल्फ-एस्टीम'ची व्याख्या अपूर्णांकाच्या रूपात मांडली: अंशस्थानी मिळालेले यश आणि छेदस्थानी बाळगलेली अपेक्षा. यश वाढले की भागाकार वाढतो, तसाच अपेक्षेचा अवाजवी भार कमी केला तरी तो वाढतो. पहिल्याच महिन्यात अस्खलित इंग्रजी बोलता आले पाहिजे, अशी अपेक्षा धरणारा विद्यार्थी छेद इतका मोठा करून ठेवतो की शिकलेले पन्नास शब्दही त्याला नगण्य वाटतात.

समाजशास्त्रज्ञ मॉरिस रोझेनबर्ग यांनी 1965 साली न्यूयॉर्क राज्यातील दहा शाळांतील पाच हजारांहून अधिक किशोरवयीन विद्यार्थ्यांच्या अभ्यासावर आधारलेला ग्रंथ प्रसिद्ध केला आणि त्यात दहा विधानांची एक मोजपट्टी वापरली. स्वतःविषयीची ही विधाने कितपत मान्य आहेत, हे उत्तर देणाऱ्याने सांगायचे असते. ही मोजपट्टी पुढे जगभर वापरली गेली, आणि 2005 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात 28 भाषांतील भाषांतरांच्या आधारे 53 देशांतील उत्तरांची तुलना करण्यात आली. नकारार्थी शब्दांत मांडलेली विधाने वेगवेगळ्या संस्कृतींतील लोक सारख्याच रीतीने समजून घेत नाहीत, असे त्यात आढळले. स्वतःविषयी बोलण्याची पद्धत भाषेगणिक बदलते, याचा हा शास्त्रीय पुरावा होय.

मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट बँड्युरा यांनी 1977 साली 'सेल्फ-एफिकसी' ही संज्ञा मांडली. मराठीत तिला स्व-कार्यक्षमता म्हणता येईल. ठरावीक काम आपल्याला जमेल असा विश्वास, हा तिचा अर्थ असून, ती कामागणिक वेगळी असते: एखाद्या मुलीला गणिताबाबत ती भरपूर असेल आणि इंग्रजीत बोलण्याबाबत मुळीच नसेल. अशा वेळी त्या मुलीचा 'सेल्फ-एस्टीम' कमी आहे असे म्हणणे चुकीचे ठरते, कारण स्वतःच्या एकूण मोलाबद्दल तिला शंका नसते, केवळ एका कामाबद्दलची खात्री तिच्यापाशी अद्याप नसते. शब्दांतील हा भेद पालकांनी आणि शिक्षकांनी ओळखला, तर एका कौशल्यातील उणिवेवरून संपूर्ण मुलाला कमी लेखण्याचा अन्याय टळू शकतो.

केवळ आत्मसन्मान वाढवला की यश आपोआप येते, या समजुतीलाही शास्त्राने लगाम घातला आहे. रॉय बाउमाइस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2003 साली उपलब्ध संशोधनाचा आढावा घेतला, तेव्हा उंच आत्मसन्मानामुळे अभ्यासातील कामगिरी सुधारते याला भक्कम आधार मिळाला नाही. उलट चांगल्या कामगिरीचा परिणाम म्हणून आत्मसन्मान काही प्रमाणात वाढतो, असे चित्र दिसले. म्हणजेच आत्मविश्वास येईपर्यंत बोलणे थांबवून ठेवण्याऐवजी, थोडे थोडे बोलत राहून आत्मविश्वास येऊ देणे हाच खरा क्रम आहे.

जेथे दोन भाषांच्या सीमा जुळत नाहीत

इंग्रजीतील 'प्राउड' हा एकच शब्द प्रशंसेचाही असतो आणि दोषाचाही, तर मराठीत त्यासाठी अभिमान, गर्व, घमेंड आणि अहंकार अशा पायऱ्या आहेत. 'शी इज प्राउड ऑफ हर व्हिलेज' म्हणजे तिला गावाचा अभिमान आहे. परंतु 'ऑफ' न जोडता नुसते 'शी इज प्राउड' म्हटले, तर संदर्भानुसार ती गर्विष्ठ आहे असाही अर्थ निघू शकतो. 'कॉन्शस' म्हणजे जागृत, हे शिकलेला विद्यार्थी 'सेल्फ-कॉन्शस' म्हणजे आत्मभान असलेला असे समजतो, पण रोजच्या इंग्रजीत हा शब्द बहुधा चारचौघांत अवघडलेल्या माणसासाठी वापरला जातो. आल्फ्रेड ॲडलर यांच्या विचारांतून रूढ झालेल्या 'इन्फिरिऑरिटी कॉम्प्लेक्स' या संज्ञेला मराठीत 'न्यूनगंड' हा नेमका शब्द मिळाला आहे. मात्र साध्या संकोचालाही न्यूनगंड म्हणण्याची सवय टाळावी, कारण संकोचासाठी 'शाय' किंवा 'हेझिटंट' हे सौम्य आणि खरे शब्द उपलब्ध आहेत.

उलट मराठीतील काही शब्दांना इंग्रजीत एका शब्दाचे उत्तर नाही. 'भीड चेपणे' हा त्यांपैकी सर्वांत सुंदर शब्दप्रयोग होय: परिचयाने, सरावाने संकोच हळूहळू दबत जाण्याची ती क्रिया आहे, आणि इंग्रजीत तिच्यासाठी 'ग्रॅज्युअली लूज वन्स शायनेस' असे वर्णनच करावे लागते. लाज या शब्दात 'शायनेस' आणि 'शेम' हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. बोलायला लाज वाटणे हा संकोच आहे, तर चोरी केल्याची लाज वाटणे हे 'शेम' आहे. पहिल्या प्रसंगी 'आय ॲम अशेम्ड' असे म्हटल्यास, न केलेल्या अपराधाची कबुली दिल्यासारखे होते.

व्याकरणातील एक फरक विशेष मोलाचा आहे. मराठीत 'मला भीती वाटते', 'मला लाज वाटते', 'मला आत्मविश्वास वाटतो' अशी रचना असते, म्हणजे भावना ही माणसाकडे येणारी गोष्ट असते आणि माणूस तिचा अनुभव घेणारा असतो. इंग्रजीत मात्र 'आय ॲम अफ्रेड', 'आय ॲम शाय', 'आय ॲम कॉन्फिडंट' अशा रचनेत भावना माणसाचे विशेषण बनते. म्हणून सुरुवातीच्या टप्प्यात 'आय फील शाय टुडे' ही रचना शिकवणे हिताचे ठरते, कारण तिच्यात मराठीतील शहाणपण टिकून राहते: आज वाटणारा संकोच उद्या वाटेलच असे नाही, आणि तो म्हणजे आपण नव्हे.

शब्दयोगी अव्ययांबाबतही असेच अवधान लागते. 'माझ्यावर विश्वास ठेव' या एका मराठी वाक्याची इंग्रजीत दोन रूपे होतात: 'बिलीव्ह मी' म्हणजे माझे म्हणणे खरे मान, आणि 'बिलीव्ह इन मी' म्हणजे माझ्या क्षमतेवर भरवसा ठेव. शिकणाऱ्या मुलाला घरच्यांकडून बहुधा दुसऱ्या वाक्याची अपेक्षा असते. 'कॉन्फिडन्स' या नामासोबत मिळवणे, घडवणे, वाढवणे आणि गमावणे यांसाठी अनुक्रमे 'गेन', 'बिल्ड', 'बूस्ट' आणि 'लूज' ही क्रियापदे येतात, तर 'सेल्फ-एस्टीम' उंच किंवा खालचा असतो, म्हणजे 'हाय' किंवा 'लो'. 'बिग' किंवा 'स्मॉल' नव्हे. शब्द एकेकटा पाठ करण्याऐवजी त्याच्या सोबत्यांसह पाठ केला, तर वाक्य बनवताना अडखळावे लागत नाही.

गावाच्या नावातला दीर्घ ईकार

उच्चाराच्या बाबतीत ईट या गावाचे नावच एक धडा देते. मराठीत अकारान्त शब्दातील उपांत्य इकार दीर्घ लिहिण्याचा नियम आहे, म्हणून वीट, पीठ आणि ईट या शब्दांत दीर्घ 'ई' येते. परंतु ऱ्हस्व-दीर्घाच्या फरकाने शब्दाचा अर्थ बदलण्याचे प्रसंग मराठी बोलण्यात विरळ असल्याने कान त्या फरकाकडे फारसे लक्ष देत नाही. इंग्रजीत मात्र 'इट' म्हणजे ते आणि 'ईट' म्हणजे खाणे, असा अर्थच बदलतो. ज्याला मराठीत 'एस्टीम' लिहिले जाते, त्या शब्दाच्या इंग्रजी उच्चारात आरंभी ऱ्हस्व 'इ' आणि पुढे आघातासह दीर्घ 'ई' असे दोन्ही स्वर येतात. दुसऱ्या अवयवात आपल्या गावाच्या नावातला स्वर तितकाच लांबवून म्हणावा, एवढी सूचना येथील विद्यार्थ्याला पुरेशी ठरते. त्याउलट 'कॉन्फिडन्स'मध्ये आघात पहिल्या अवयवावर असतो, तर 'रिस्पेक्ट'मध्ये दुसऱ्यावर.

भीती ओळखून शिकणे

परक्या भाषेच्या वर्गातील भीती ही सर्वसामान्य भित्रेपणापेक्षा वेगळी असते, असे 1986 साली एलेन हॉर्विट्झ, मायकेल हॉर्विट्झ आणि जोॲन कोप यांनी दाखवून दिले आणि ती मोजण्यासाठी 33 विधानांची प्रश्नावली तयार केली. आपल्या भाषेत चतुर, विनोदी आणि मुद्देसूद असलेला माणूस नव्या भाषेत दोन वाक्यांपुरता उरतो, तेव्हा आपले खरे व्यक्तिमत्त्व झाकले गेल्याची भावना त्याला अस्वस्थ करते. गावात उत्तम बोलणारा मुलगा इंग्रजीच्या तासाला गप्प बसतो, यामागे बुद्धीची उणीव नसून हीच अस्वस्थता असू शकते.

तिच्यावरचा उपाय बँड्युरा यांनी सांगितलेल्या चार स्रोतांतून मिळतो. पहिला आणि सर्वांत प्रभावी स्रोत स्वतः मिळवलेल्या यशाचा: दररोज तीन शब्द घेऊन प्रत्येकाचे एक खरे वाक्य स्वतःबद्दल तयार करणे, हे छोटे पण निश्चित यश आहे. दुसरा स्रोत आपल्यासारख्याच माणसाला यशस्वी होताना पाहण्याचा, म्हणून दूरच्या शहरातील वक्त्यापेक्षा त्याच शाळेतून शिकून गेलेल्या ताईचे इंग्रजी अधिक बळ देते. तिसरा स्रोत विश्वासार्ह प्रोत्साहनाचा. क्लॉडिया म्युलर आणि कॅरोल ड्वेक यांनी 1998 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, हुशारीची स्तुती झालेली मुले अपयशानंतर लवकर खचली, तर प्रयत्नांची स्तुती झालेली मुले टिकून राहिली. त्यामुळे 'यू आर क्लेव्हर' या वाक्याऐवजी 'यू वर्क्ड हार्ड ऑन धिस' हे वाक्य शिकवण्यासारखे आणि वापरण्यासारखे आहे. चौथा स्रोत शरीराच्या अवस्थेचा: बोलण्यापूर्वी होणारी छातीची धडधड ही पराभवाची खूण नसून तयारीची खूण आहे, असे मानायला शिकणे.

स्मरणाच्या बाबतीत हर्मान एबिंगहाउस यांनी 1885 साली दाखवलेला विस्मरणाचा वेग ध्यानात घ्यावा लागतो. शिकलेल्या गोष्टीचा मोठा भाग पहिल्या काही तासांत आणि दिवसांत निसटतो, आणि अंतराअंतराने केलेली उजळणी तो रोखते. एकाच रात्री तीस शब्द घोकण्यापेक्षा तेच शब्द दुसऱ्या दिवशी, मग आठवड्याने आणि मग महिन्याने पुन्हा भेटले, तर ते टिकतात. वहीत प्रत्येक इंग्रजी शब्दापुढे घरात बोलला जाणारा मराठी शब्द लिहावा, म्हणजे 'एन्करेज'पुढे 'प्रोत्साहित करणे' एवढेच न लिहिता 'धीर देणे' हेही लिहावे, आणि 'सेल्फ-डाउट'पुढे 'स्वतःविषयीची शंका' याबरोबर 'जमेल का नाही असे वाटणे' हेही लिहावे. मातृभाषा ही येथे अडसर नसते. नव्या शब्दाला जागा करून देणारी ती घरमालकीण असते.

कदर, हिंमत, इज्जत आणि खात्री हे शब्द कधीकाळी परक्या राजभाषेतून या मुलखात आले, आणि आज त्यांच्यावाचून येथील माणसाला स्वतःच्या मनाविषयी बोलणे अवघड जाईल. ते शब्द कोणी घोकले नव्हते, ते लोकांनी आपल्या सुखदुःखासाठी वापरले म्हणून आपले झाले. 'कॉन्फिडन्स' हा शब्द त्याच वाटेवर बराच पुढे आला आहे आणि 'एस्टीम' अद्याप मागे आहे. ईटच्या एखाद्या वर्गात एखादी मुलगी 'आय बिलीव्ह इन मायसेल्फ' हे वाक्य 'इन'सह, अर्थ जाणून आणि स्वतःबद्दल म्हणून उच्चारते, तेव्हा तिची भीड थोडी चेपलेली असते, आणि त्या वाक्यातील शब्दांवर तिचाही हक्क लागलेला असतो.